दिवा बाहेर, उजेड आत

१२ फेब्रुवारी

चक्कर वाया गेली! महिन्यापासून यांच्या गळ्याखाली घास उतरंना, म्हणून डॉक्टर आज तोंडातून नळी घालून बघणार होते. चारठाण्याहून परभणीला आलो. सिस्टरनं विचारलं, "उपाशी आहात ना, चंद्रप्पा काका?" हे ऐटीत – "व्हय तर! नुस्ता प्रसाद घेतलाय." लिंगपूजा झाल्यावर वाटीभर पंचामृत प्यालेत! वरून म्हणतात, "प्रसाद म्हणजे खाणं थोडंच हाय?" सिस्टरनं कपाळाला हात लावला. उद्या या म्हणाली. असा संताप आला मला!

पिंगळीला नणंदेकडं मुक्कामाला आलो. रिक्षात हळूच म्हणाले, "आत दिवा लावणार म्हणं. आतून भाजलं तर?" मग मला रागावताही येईना. कॅन्सर हा शब्द दोघंही तोंडातून काढत न्हाई.

१३ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरी सिस्टरचं भलं होवो! यांची भीती सांगितली, तर तिनं यंत्रच दाखवलं. दिवा बाहेर पेटीत. त्याचा उजेड नळीच्या तोंडाशी गोळा होतो अन् केसाहून बारीक काचेच्या धाग्यांतून पुढं जातो. असे हजारो धागे!

"काच वाकती व्हय?"

"इतकी बारीक केली की वाकते, मावशी."

"पण काच तर आरपार. उजेड बाजूनं सांडत कसा न्हाई?"

तर म्हणे धाग्यावर वेगळ्या काचेचा थर असतो. उजेड तिरपा येऊन त्याला धडकतो अन् आतच परततो. असा धडकत धडकत टोकाला पोचतो. तिनं नळीला वळसा दिला – उजेडबी वळला! टोक यांच्या तळहाताजवळ धरलं. पूजेत तळहातावरच्या लिंगाकडं बघतात तसे हे बघत राहिले. मग म्हणाले, "घाला."

अन्ननलिका एका जागी आवळलेली निघाली. डॉक्टरांनी तिथल्या तिथं रुंद केली. बारका तुकडा तपासायला काढलाय.

१५ फेब्रुवारी

वरण-भात गेला! कुठं अडकला न्हाई. मी चुलीकडं तोंड करून रडून घेतलं.

१६ फेब्रुवारी

ते काचेचे धागे कुणी केले असतील? कुठं राहतात, काय नाव, काही ठाऊक न्हाई. त्यांच्या लेकराबाळांना सुखात ठेव, महादेवा.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन आला. कॅन्सर हाय. फार पसरलेला दिसत न्हाई, लगेच इलाज सुरू करू म्हणाले.

हे पलीकडं जेवायलेत. "भाजी लय झकास झाली!" म्हणून ओरडायलेत – जन्मात पहिल्यांदा.

जेवू दे. मग सांगते.