डबीतला चुंबक

शनिवार, १४ मार्च

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकत बसत नाही. तुझ्या शाळेत परीक्षा सुरू असतील. पेपर तपासताना डोळे सांभाळ. धाकटीचा पुढचा दात आला का?

एकतीस तारखेला मी निवृत्त होतेय. सध्या प्रयोगशाळेतलं माझं कपाट रिकामं करणं चाललंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, हे कपाट नाही, भंगारवाल्याचं माहेर आहे." आपला मोठा दिवा, तुझे सूर्याजीराव, अजून आहेत. लावले की तसेच गुरगुरतात.

तळाच्या खणात एक पत्र्याची डबी निघाली. आत प्रयोगाच्या भांड्यात टाकून पाणी ढवळायचा आपला जुना चुंबक. शेंगदाण्याएवढा, पांढऱ्या वेष्टनाचा, एका टोकाला करडा डाग. तू त्याला हात लावायची नाहीस. "शी, कुणाचा उष्टा आहे हा?" म्हणायचीस आणि दर वेळी पाकिटातून नवा काढायचीस. मला तो नखरा वाटायचा.

गेल्या आठवड्यात तो तपासायला दिला. डागात प्लॅटिनम निघालं. माझ्या आधीच्या कामातलं, घासूनही न गेलेलं.

तुला विज्ञान समजवायला नको, पण लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही. आपली पांढरी पूड प्लॅटिनमसारख्या कुठल्याही महागड्या धातूशिवाय, नुसत्या उजेडात पाण्यातून हायड्रोजन काढते, हा माझा शोध. त्यावर माझं नाव झालं. प्रयोग मी केला की वायू यायचा, तू केलास की शून्य. नऊ वेळा शून्य. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तुझ्या हाताला सफाईच नाही." मामेबहिणीला सूट देते असं कुणी म्हणू नये, म्हणून आवाज जरा चढवूनच. दुसऱ्या दिवशी तू अॅप्रन घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवलास आणि गेलीस.

पूड काहीच करत नव्हती, मने. करत होता तो डाग.

वर 'गेल्या आठवड्यात' लिहिलंय. तपासणी तेव्हाची, हे खरं. पण मला कळलं तेव्हा तुला जाऊन चारच महिने झाले होते. रविवारी दुपारी एकटीच काम करत होते. जुना चुंबक सापडेना, म्हणून तुझ्या पाकिटातला नवा घेतला. शून्य. मग जुना सापडला, तो टाकला. तासाभरात यंत्रावर वायूची रेघ चढली. मी तो डबीत घातला आणि पुढच्या शोधनिबंधापासून पुडीत चिमूटभर प्लॅटिनम मुद्दामच घालायला लागले. 'सुधारित पद्धत' म्हणून. चौदा वर्षं कुणाला शंका आली नाही.

अजून एक राहिलंय. गुडघा, दात, कपाट, सगळं तेच टाळायला लिहीत बसले होते.

मामा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी भेटायला आले होते. तू औषध आणायला गेली होतीस. त्यांनी विचारलं, "तुझ्या हवाली केली होती पोर. कुठं कमी पडली गं ती?"

मला तेव्हा सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "चिकाटीत, मामा."

त्यांनी मान हलवली. "माझ्यावर गेली," म्हणाले. आठवड्याभरात ते गेले.

शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र काल संपादकांना पाठवलं. प्रत सोबत आहे. निरोप समारंभ नको म्हणून इथे सांगितलंय, कारणही सांगितलंय. संपादकांच्या अर्जात एक रकाना होता, चूक कुणाच्या कामातून दिसली. तिथे तुझं पूर्ण नाव लिहिलं, मामांच्या नावासकट. तुझ्या वहीची नऊ पानं जोडली. त्या खोलीत खरा आकडा फक्त तुझाच होता.

डबीही पाठवतेय. वर्गात दाखव, नाहीतर फेकून दे.

'माफ कर' असं दोनदा लिहून खोडलं. मामांपुढे ते म्हणायची वेळ मी घालवली. वर सवयीने आशीर्वाद लिहिलेत, नको असतील तर खोडून टाक. 'लोभ असावा' लिहायला हात धजत नाही.

जिच्या हाताला सफाई नव्हती ती,
ताई