माझ्या नावाने बोललेला नवस

बँकॉक, २० मार्च

प्रिय मानांग परफेक्ता,

आई गेल्यापासून आपल्या घरात थोरलेपणाचा मान तुझा, म्हणून इथूनच तुझा उजवा हात माझ्या कपाळाला लावतो आणि मगच पुढचं लिहितो. गुडघा कसा आहे? डुकरीण व्याली का? यंदा तरी सगळी पिल्लं जगोत. माझं विचारशील तर देवाच्या कृपेने ठीक आहे. पोट तेवढं जड आहे, कारण गेले आठ दिवस मी दोन्ही वेळा उकडलेली अंडी खातो आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस (रागावू नकोस, थोरल्या बहिणीचा तो हक्कच आहे), आणि गेल्या रविवारी तर "तुझी मला लाज वाटते, क्रिसांतो" एवढंच बोलून तू फोन ठेवलास.

तर आधी कबुली. इथल्या चर्चमधल्या दिविनाबाईंनी तुला पाठवलेल्या व्हिडिओत, रंगीबेरंगी फिती बांधलेल्या झाडासमोर नाचणारा टकला माणूस मीच. त्याच्या पायाशी दिसतात ती अंडीच, आणि ती शंभर आहेत. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, हेही खरं. पण तो शुक्रवार नव्हता, आणि अंडी हे मांस नव्हे, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

आता मुळापासून सांगतो. माझा शाळेचा करार या महिन्यात संपत होता. पन्नाशीला आलेल्या परदेशी मास्तरांना यंदा निरोप द्यायचा असं शाळेने ठरवलं होतं, आणि माझ्या जागी एक तरुण स्कॉटिश मुलगा घेतलाही होता. म्हणजे अकरा वर्षांनी मी गावी कायमचा परतणार, हे जवळजवळ नक्की होतं. हे कळल्यावर तू बाळ येशूपुढे नवेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केलीस, करार पुन्हा होऊ नये आणि भाऊ घरी यावा म्हणून. नऊ दिवस त्या गुडघ्यांवर! दर संध्याकाळी फोनवर तू "आज तिसरा दिवस", "आज चौथा दिवस" असं सांगत होतीस आणि मी "देवाची इच्छा" म्हणत होतो. त्याच दिवसांत माझ्या घरमालकीण लमायमावशी गल्लीच्या तोंडाशी उलट मागणं मागत होत्या, याची मला अजिबात कल्पना नव्हती. हे वाक्य तू दोनदा वाचावंस अशी विनंती आहे.

गल्लीच्या तोंडाशी त्या फितींच्या झाडाखाली जागेच्या राखणदाराचं छोटं देऊळ आहे. मावशी रोज सकाळी त्याला लाल सरबताची बाटली ठेवतात, आत नळी घालून, म्हणजे त्याला प्यायला सोपं जावं. मी रोज शाळेत जाताना तिथून मान खाली घालून जातो. (पूर्वी मान वर ठेवून जायचो, पण एकदा फांदी लागली.) मार्च लागताच एक दिवस मावशी वर आल्या आणि म्हणाल्या (ख्रू म्हणजे इथे मास्तर), "ख्रू, पूर्ण नाव, जन्मतारीख, खोलीचा नंबर, आणि पासपोर्टची झेरॉक्स द्या." परदेशी भाडेकरूची नोंद पोलिसांत करावी लागते, तेव्हा मला वाटलं तेच असेल. या शहरात परदेशी माणसाकडे कुणी कागद मागितला तर तो कारण विचारत नाही, प्रत काढतो आणि खाली सही करतो. मीही केली.

ती प्रत, हे मला नंतर कळलं, राखणदाराच्या देवळात, लाकडी हत्तींच्या खाली, सरबताच्या बाटलीने दाबून ठेवलेली होती. आपल्या गावच्या चर्चमध्ये माझ्या बाप्तिस्म्याची नोंद वाळवीने खाल्ली, पण इथल्या राखणदाराकडे माझे कागद एकदम चोख आहेत.

पुढे काय झालं, तुला ठाऊक आहे. तो स्कॉटिश मुलगा शनिवार-रविवार समुद्रावर म्हणून गेला आणि तिथूनच त्याने कळवलं की आता तो तिथेच राहणार, सुखात आहे, शोधू नये. सोमवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. मी नव्या करारावर सही केली तो तुझ्या नवेनेचा नववा दिवस. तुला हे कसं सांगावं या विचारात मी घरी आलो, तर मावशी दारातच टोपली घेऊन उभ्या.

"चला ख्रू, अंडी आणायला."

"कसली अंडी?"

"शंभर. तुमचं काम झालं ना? मग फेडायला नको?"

मी म्हटलं, मावशी, मी ख्रिस्ती माणूस, मी काही नवस बोललेलो नाही.

"म्हणून तर मी बोलले," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली, तुम्हाला अजून पपईचा भाव करता येत नाही. राखणदाराशी काय बोलणार तुम्ही? आणि हे बघा, त्याच्याकडे तुमचा फोटो आहे, सही आहे, खोली नंबर आहे. फेडलं नाही तर तो माझ्या दारात येईल की तुमच्या?"

मी टोपली हातात घेतली. मग हळूच कळलं की अंडी हा नवसाचा अर्धाच भाग. "ख्रू स्वतः नाचेल" असंही त्या बोलून बसल्या होत्या. मोठ्या देवळांत नाचणाऱ्या बायका भाड्याने मिळतात, त्या आणू, असं मी सुचवलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडलो. "त्याला तुमचं नाव सांगितलंय. आता दुसऱ्याला पाठवता? तुमच्या वर्गात तुमच्याऐवजी मी आले तर चालेल?"

मी आपल्या रविवारच्या मिसाच्या पाद्रींकडे गेलो. फादर आन्सेल्मो आपल्याच बेटावरचे, तुला माहीत आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंडी नंतर कोण खातं?" मी सांगितलं, अगरबत्ती विझली की राखणदाराचं जेवण झालं, मग अंडी माणसांची. फादर म्हणाले, नवस तुझा नाही, पण शेजारणीचा शब्द पडू देऊ नये; पूजा करू नकोस, तिचं मन राख, आणि दोन ट्रे रविवारच्या शाळेच्या मुलांना आण. (दिविनाबाईंना हे माहीत नव्हतं. ती अंडी त्यांनीच सोलली.)

मानांग, मला एकच नाच येतो. बाळ येशूच्या मिरवणुकीतला, दोन पावलं पुढे, एक मागे, जो आईने आपल्याला अंगणात शिकवला. तोच नाचलो. अकरा वर्षांत पाय विसरले नव्हते, कंबर मात्र विसरली होती. कोपऱ्यावरचे नारिंगी बंडीतले मोटरसायकलवाले गिऱ्हाईकं सोडून पाहायला आले. "ख्रू, जरा जोरात! राखणदाराला झोप येतेय!" एक म्हणाला, "मागे का जाताय? सावकार दिसलाय का?" मला घाम फुटला, आणि तो नाच करताना जे ओरडायची लहानपणापासून सवय, तेच तोंडातून निघालं: "व्हिवा सांतो निन्यो!" मोटरसायकलवाल्यांना अर्थ कळला नाही, पण ठेका आवडला. पुढची दहा मिनिटं बँकॉकच्या त्या गल्लीत बारा जण बाळ येशूचा जयजयकार करत होते. मावशी सर्वांत मोठ्याने. दिविनाबाईंनी व्हिडिओ आवाज बंद करून पाठवला असावा. आवाज मागवून घे. फादरांना विचारलं तर ते म्हणाले, धर्मप्रसारात इतक्या वर्षांत त्यांनाही एका दुपारी बारा जण मिळाले नव्हते.

आणि अंड्यांची लाज वाटायचं आपल्याला तरी काय कारण? पुतणीच्या लग्नात पाऊस पडू नये म्हणून संत क्लाराच्या मठात दोन डझन अंडी तूच घेऊन गेली होतीस. पाऊस पडला तेव्हा "एक अंडं तडकलेलं होतं" असं म्हणालीस. इथल्या शंभरात एकही तडकलेलं नव्हतं. मावशी प्रत्येक अंडं कानाशी धरून पाहत होत्या.

तेव्हा या सगळ्यात माझा दोष कुठे आहे, हे तूच सांग. करार मी मागितला नाही, नवस मी बोललो नाही, नाच माझ्यावर लादला गेला. मला तर घरीच यायचं होतं. देवाची इच्छा, दुसरं काय. डुकरिणीला आणि शेजाऱ्यांना माझी आठवण सांग, आणि गुडघ्याला गरम नारळतेल लाव, नुसता शेक नको.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
क्रिसांतो

ता. क. दिविनाबाईंवर रागावू नकोस. त्यांनी स्वतः चार अंडी खाल्ली.

ता. क. २. वरचं "मला तर घरीच यायचं होतं" हे वाक्य मी खोडणार होतो, पण पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही. तुझ्या आठव्या दिवशी संध्याकाळी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. बहिणीचं मागणं पुरं कर, असं म्हणायला गेलो आणि तसं म्हटलंही. पण नंतर बराच वेळ उठलो नाही. त्या वेळात मी काय म्हणत होतो ते देवाला ठाऊक, आणि आता तुला. तिथे रिकामं घर आहे आणि त्यात तू एकटी जेवतेस, हे मला रोज दिसतं. इथे सकाळी सात वाजता चाळीस पोरं "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणून उठून उभी राहतात. दोन्ही एका वेळी कसं मागतात, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. तुझ्या नवेनेबद्दल मी मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नऊ दिवस गुडघ्यांवर? आणि त्याला देणार काय होत्या?" मी म्हटलं, काही नाही, नुसती प्रार्थना. "अगंबाई, रिकाम्या हाताने!" म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावावा तसा टॉवेल लावला. आता त्यांनी ठरवलं आहे की पुढच्या वर्षी त्या तुझ्या बाजूने नवस बोलणार, ख्रू घरी जावेत म्हणून. "मला करमणार नाही, पण ताईंची पाळी आहे." अंड्यांचा आकडा मात्र तू सांगायचास, कारण राखणदाराला अंदाजे चालत नाही. पाचशे म्हटलीस तर मी पुढच्या मार्चमध्ये अंगणात उभा असेन, अशी त्यांना खात्री आहे. खालच्या मजल्यावरचं मांजर हरवलं तेव्हा त्या नऊ अंडी बोलल्या होत्या. त्याला चार वर्षं झाली, मांजर अजून आलेलं नाही. आकडा सावकाश विचार करून कळव, मानांग. पण माझं मत विचारशील, तर नऊ हा चांगला आकडा आहे. नवेनाही नऊच दिवसांची असते.