अप्पांच्या सायकलीचा दांडा

अप्पा, तुमची काळी चोवीस इंची सायकल मी कापायला नेली होती. आधी ऐकून घ्या, मग चिडा. आठवीत मी तिच्यावर लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तुम्ही अंबरनाथच्या कंपनीतून दमून आलात, जेवायलाही बसला नाहीत, माझ्या हातात रॉकेलचा बोळा दिलात. "सायकल कंपनीतून आली तशीच राहील. उद्या तुला स्वतःचं नाक आवडलं नाही, तर कापशील?" मी रडत घासतोय आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "अहो, रंग सायकलीचा गेला, पोराची कातडी कशाला काढता?"

आता तुम्ही नाही. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, क्लार्कशी वाजलं म्हणून. कॅम्प चारला एका सिंधी शेठच्या दुकानात वेल्डिंग शिकतोय. चिखलोलीला एक मुलगी राहते. तिला म्हटलं, दांड्यावर बस, फिरवून आणतो. तर म्हणते, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे? मला चालवायचीय." आता ती एवढीशी, आणि दांडा छातीशी येणार. मी तावातावाने बोलून बसलो, "रविवारी दुकानावर ये. दांडा कापून खाली बसवतो, लेडीज करून देतो!"

आईला फक्त दांडा कापणार एवढंच सांगितलं, तर लाटणं थांबलं. "लग्न झाल्यावर त्या दांड्यावर बसून मी शिवमंदिराला गेलेय. काप, आणि घरात तोंड दाखवू नकोस." मीही भडकलो. "सायकल चालवायला असते, पुजायला नाही!"

रविवारी दांड्यावर खडूने खूण केली, ग्राइंडर चालू केला. शेठ म्हणतोय, "भाई, ओरिजिनल माल है, सोच ले." तेवढ्यात ती आली. "थांब रे, भडकू!" लहानपणी आपण शिकतो तसा दांड्याखालून पलीकडे पाय घातला, कंबर वाकडी केली आणि घंटी बडवत निघाली. मी ग्राइंडर घेऊनच मागे धावलो. वायर संपली तिथे थांबलो. "उद्या देते!" असं ओरडून ती वळणावर दिसेनाशी झाली.

त्याला महिना होत आला. मी मागितलेली नाही, कारण चेनला तेल घालायला म्हणून रोज चिखलोलीला जाता येतं. आई मात्र बोलत नाही. सायकल घरी परत आलीच नाही, म्हणून तिला वाटतं, मी कापली. एका वाक्यात तिचा राग जाईल, पण त्या वाक्यात मुलगी येते. म्हणून हे पत्र शेठच्या गल्ल्यामागे दडवतोय. दांडा शाबूत आहे, अप्पा. आईला तेवढं सांगायची छाती होत नाही.