पाटाएवढी जागा

आई,

त्या खोलीत तू मागे राहिलीस, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर बाबा आणि मी पनवेलचं घरही सोडून कळंबोलीला राहायला गेलो होतो. तिथे पहिल्यांदा ते स्वप्न पडलं आणि मग पडतच राहिलं. सारसोळ्याची ती वरची खोली, सामान सगळं खाली गेलेलं, भिंतीवर कॅलेंडरची चौकोनी खूण, आणि खिडकीखाली जमिनीवर तू बसलेली. मला बघून तू विचारतेस, "टेम्पो इलो काय गो?" मी काही बोलायच्या आत जाग येते. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आता मोठी आहे, केस रंगवते, गुडघ्यांना तेल लावते. पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलेलं नव्हतं.

आपलं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. अकरा महिने सरत आले की मालकाचा भाऊ गावाहून यायचा असे, नाहीतर त्याच्या मुलाचं लग्न तरी निघत असे. कोपरखैरणे झालं, तुर्भे झालं, जुईनगर झालं, मग सारसोळे. खोली कुठलीही असो, उंबऱ्यात उभी राहून तू नुसत्या नजरेनं तिचं माप घ्यायचीस. संध्याकाळपर्यंत घर लागलेलं. खाटेच्या पायांखाली विटा आणि खाटेखाली तांदळाचा डबा, एकावर एक दोन ट्रंका आणि त्यांवर चादर टाकून झालेला सोफा, खिडकीच्या गजांना टांगलेले झारे-पळ्या. गावाहून पाहुणे आले तर एकाचं डोकं तिकडे, दुसऱ्याचं इकडे, असं सगळ्यांना झोपवायचीस. कोणी म्हणालं, अहो जागा कुठाय, की तुझं एकच उत्तर, "वायच सरक मगे. जागा होता." मला त्या जरासं सरकण्याचा भयंकर राग यायचा. मैत्रिणीच्या घरी तिची स्वतःची खोली होती आणि मी मात्र अभ्यासाला बसले तरी सरकत होते.

आणि एवढ्या दाटीवाटीत तू एक जागा रिकामी ठेवायचीस. पाटाएवढी. प्रत्येक घरात, खिडकीजवळ. तिथे डबा नाही, पिशवी नाही, चप्पल तर नाहीच नाही. जुईनगरला असताना मी शाळेतून आले आणि दप्तर तिथे टाकलं. तू चपात्या लाटत होतीस, तिथूनच ओरडलीस, "उचल आदी तां!" मी म्हटलं, का म्हणून, आपल्याला हात पसरायला जागा नाही आणि ही रिकामी ठेवायची? तू लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "आपली गेलेली माणसां आपल्या वांगडा फिरतत. ती काय बिल्डिंगीच्या खाली उभी रवतली?" गेलेली माणसं आपल्यासोबत फिरतात, याचं मला हसू आलं आणि त्या रात्री त्या जागेकडे पाठ करून झोपायचं धाडसही झालं नाही. तेव्हापासून अंधारात तिथून जाताना मी भिंतीला चिकटून जायचे. सवय झाली मग. गेलेली आजी तिथे आहे म्हणून तिच्या आवडीचा घावन केला की मीच चिडवायचे तुला, तिला विचार गं, मीठ बरोबर झालंय का.

घर सोडायच्या दिवशी टेम्पो भरून झाला की तू आम्हां दोघांना पुन्हा वर घेऊन यायचीस. रिकाम्या खोलीत उभी राहून, हात जोडून, गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायचीस. "बा वास्तुपुरुषा म्हाराजा, तुझी ही जागा सोडून आज आमी जातंव. लेकराबाळांच्या हातान काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!" बाबा आणि मी म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" बाबा तोंडातल्या तोंडात, कारण खाली टेम्पोवाला हॉर्न देत असायचा. "आनी आमची जी माणसां हय आमच्या वांगडा इली, तेंका मागे ठेव नको. तेंका आमच्या वांगडा धाड रे म्हाराजा!" पुन्हा आम्ही, "व्हय म्हाराजा!" मग तू नवा पत्ता सांगायचीस, सेक्टर, बिल्डिंग, मजला, अगदी जिन्यातला दिवा गेलाय हेसुद्धा. सांगणाऱ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं होकार द्यायचा. आपलाच आपण होकार दिला तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं तू म्हणायचीस.

सारसोळ्याला तापाचं निमित्त झालं आणि तू त्या खोलीतच गेलीस. तेराव्यानंतर बाबांना ती खोली खायला उठली. पनवेलला ओळखीनं जागा मिळाली, टेम्पो आला, भरला. बाबा पुढे बसले. मी देवांचा डबा मांडीवर घेतला. मालकीणबाई ओटीवर उभ्या होत्या, त्यांच्या हातात किल्ली दिली आणि आम्ही निघालो. पुन्हा वर कोणी गेलं नाही. जायचं हे सुचलंच नाही, कारण आम्हांला वर घेऊन जाणारी तूच होतीस. पनवेल, कळंबोली, लग्नानंतर उलवे, आता द्रोणागिरी. एकाही घरात तू कधी जाणवली नाहीस. आजीची तेव्हा भीती वाटायची. तुझी मी वाट बघत बसले. दिवेलागणीला स्वयंपाकघरात मुद्दाम दिवा न लावता उभी राहून पाहिलं. काही नाही. वॉशिंग मशीन तेवढं धडधडत होतं.

मागच्या महिन्यात नेरूळला कामाला गेले होते. परतताना कोळंबी घ्यायला सारसोळे गावात वळले, ती घेऊन निघाले तर आपली इमारत पत्र्यांनी वेढलेली. वरच्या मजल्याची खिडकी चौकटीसकट काढून नेलेली. मालकीणबाईंच्या मुलांनी इमारत बिल्डरला दिली होती आणि दोन-चार दिवसांत ती पाडणार होते. तुला न्यायचं राहिलंय, एवढंच डोक्यात. नवऱ्याला फोन करावा तर तो म्हणाला असता, उन्हातून घरी ये आधी. मालकीणबाई समोरच्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. पार वाकल्यात, पण मला ओळखलं.

"अगो, तू वरच्या मालवनीनीची पोर नं? वालली गो तू!"

मी म्हटलं, मावशी, मला एकदा वर जायचंय. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. काठी घेतली आणि माझ्यापुढे जिना चढायला लागल्या. प्रत्येक मजल्यावर थांबून धापा टाकत होत्या, मी नको म्हटलं तरी ऐकेनात. वर खोलीत खाडीचा वारा नुसता घोंगावत होता. जमिनीवर खाटेच्या, ट्रंकांच्या, कुणाकुणाच्या सामानाच्या खुणा, ओरखडे, डाग. फक्त खिडकीखाली पाटाएवढी लादी तशीच्या तशी, जिथे कधी कोणी काही ठेवलंच नसावं अशी. मी तिच्याकडे बघत राहिले.

"जो भारोत्री येल त्याला आदीच सांगाची मी," मावशी म्हणाल्या. "यो कोना मोकला ठेवाचा. ठेवाचा नसंल तं दुसरी रूम बघ. तुजी आय दुपारची तितंच बसं."

"आई? तिथे? आम्हांला तर ती पाय ठेवू द्यायची नाही."

"तुमी गेले का बसं. भितीला टेकून, जराशी सरकून. मी बोलाची, अगो मदी बस ना, कोन हाय दुसरा? तं हसं नुसती."

मी रडले, आई. कोळंबीची पिशवी हातात धरून तिथे उभ्या उभ्या रडले. तू दुपारभर आजीशेजारी बसायचीस आणि मला कधी पत्ता लागू दिला नाहीस. आणि तू गेल्यावर तुझी जागा राखली ती मालकीणबाईंनी, ज्यांची आपली ना जात एक ना बोली. मी त्यांना म्हटलं, मावशी, मी गाऱ्हाणं घालते, तुम्ही फक्त व्हय म्हाराजा म्हणा. माझी मालवणी आता गंजलीय, मध्येच शहरातले शब्द शिरत होते. तुझ्यासारखंच सगळं म्हटलं, चुकलं-माकलं पदरात घे म्हटलं. मावशींनी दर वेळी काठी आपटून होकार दिला. मग पत्ता सांगितला. "द्रोणागिरीक, दुसऱ्या माळ्यार. रस्त्याच्या पल्याड रात्रभर कंटेनर येतत-जातत, आवाज मोठो येता, भियाव नको." आणि शेवटी जे इतकी वर्षं स्वप्नात जमलं नव्हतं ते तोंडातून आपोआप निघालं. "आई, टेम्पो इलो गो."

मावशी हळूच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

बसमध्ये मी कोळंबी मांडीवर घेतली आणि शेजारची सीट मोकळी ठेवली. पुढच्या स्टॉपला एक मनुष्य येऊन धपकन बसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा उठून पुढे गेला. घरी आले तर ठेवायचं कुठे तुला? भाड्याचं वन बीएचके, इंचन् इंच भरलेला. खिडकीखाली व्यायामाची सायकल, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले. ती मी वॉचमनला देऊन टाकली. नवरा म्हणाला, बरं झालं, इथे शू-रॅक येईल. मी म्हटलं, येणार नाही.

इमारत पाडली. परवा मी तिथून गेले तर तिच्या जागी नुसतं आभाळ होतं आणि झाडांच्या पानांवर सिमेंटची धूळ. स्वप्न तेव्हापासून पडलेलं नाही. तू आलीस म्हणून पडत नाही, की आता ती खोलीच उरली नाही म्हणून, हे मला कळायला मार्ग नाही. रात्री कंटेनर वळताना खिडकीच्या काचा थरथरतात आणि मी उठून त्या कोपऱ्याकडे बघून येते. आता अंधारात भीती वाटत नाही. रिकामं दिसतं, त्याची वाटते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. ती जागा मला रिकामी ठेवता आली नाही. सगळे बाहेर गेले की दुपारी मी तिथे जाऊन बसते. आताही तिथेच बसून लिहितेय, भिंतीला टेकून. वायच सरकून.