रुंद चवड्याचे बूट

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहितेय, कारण तुमच्यावरचा राग अजून ताजा आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत तुम्ही स्केटिंगच्या चाकांच्या बुटांचे सहा जोड आणलेत तेव्हा मी आठवीत होते. माझा चवडा रुंद, टाच बारीक, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं. लांबीला बसणारा बूट चवड्याला आवळायचा. दोन नंबर मोठा घेतला की टाच आत सरकायची. तुम्ही त्या मोठ्या बुटात कापूस कोंबलात आणि म्हणालात, "चल, जल्दी." पहिल्याच वळणावर माझा घोटा मुरगळला, टाच सोलली. मी खाली बसलेय, मोज्यावर रक्त आलंय, आणि तुम्ही सगळ्या वर्गाला सांगताय, "बूट बराबर हायेत. हिचा पायच बिघडलेला हाये. म्हशीला कुठं बूट बसतेत का?" पोरी हसल्या. तुम्हीही हसलात.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला अंबडला बूट शिवणाऱ्या एका चाचांकडे नेलं. चाचा म्हणाले, "सांजच्याला या. दिवसभर चालून पाय फुगतो, मंग खरं माप कळतं." संध्याकाळी त्यांनी मला कागदावर अनवाणी उभं केलं, एकेका पायाभोवती पेन्सिल फिरवली. पुढे हाडाच्या जागी कातडं भिजवून, ठोकून फुगवलं, टाच घट्ट ठेवली. "बोटं हलली पायजेत, टाच हलली न्हाई पायजे," एवढंच बोलले. खाली जुनी चाकं बसवून दिली. चार महिने मी गोदामामागच्या सिमेंटवर सराव केला आणि जालन्याच्या स्पर्धेत स्वतःच नाव दिलं. मी रेषेवर उभी होते. शिट्टी वाजायची, तेवढ्यात तुम्ही पंचांजवळ गेलात. "घरी केलेले बूट हायेत, हिला बाहेर काढा." अण्णा हात जोडून तुमच्यापुढे उभे राहिले. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दहावी झाल्यावर, अण्णांशी भांडून, मी चाचांकडे काम शिकायला बसले. पुढे जालन्यात दुकान टाकलं, ज्यांच्या पायाला कुठलेच बूट बसत नाहीत त्यांच्यासाठी. आणि एका संध्याकाळी तुम्ही आलात, पत्नीच्या खांद्याला धरून, साखरेच्या आजाराने सुजलेले पाय रबरी चपलांत. दुकान भरलेलं होतं. मी दोन्ही पायांचं माप घेतलं, सावकाश, एक तयार जोड चढवून पाहिला, तो चढेना, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बूट बराबर हायेत. तुमचा पायच बिघडलेला हाये." कुणीतरी हसलं. तुम्ही त्याच रबरी चपलांत पाय सरकवलेत आणि निघालात. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना मी ही गोष्ट इथपर्यंत सांगते, वर एवढं जोडते की तुम्ही मला ओळखलंत आणि शरमेनं मान खाली घातलीत. खरं म्हणजे दारातून वळून तुम्ही अगदी अदबीनं विचारलं होतं, "बाई, मंग दुसरीकडं कुठं मिळतील? काही पत्ता सांगता का?"

तुम्ही मला ओळखलंच नव्हतं.