मागच्या स्पीकरमधले आबा

आबा, आधी माझ्यावर झालेला अन्याय ऐकून घ्या. तुमच्या सुनेनं मागच्या डाव्या स्पीकरवर मनी प्लांटची बाटली ठेवली आहे. वर खुलासा असा, की घरात काहीही न करणारी तेवढी एकच वस्तू आहे, निदान झाडाला तरी टेकू होईल. देशात एवढे आयोग नेमले जातात, पण बारामतीत स्वखर्चानं स्पीकरांच्या मधोमध बसलेल्या माणसाची दाद घ्यायला कुणी नाही.

तुमच्या वेळी हे खूळ नव्हतं, म्हणून सांगतो. पुढं तीन स्पीकर, मागं दोन, आणि कोपऱ्यात एक ठोकळा, नुसता घुमायला. मधल्या खुर्चीत बसलं की गाणं समोरून येत नाही, आपणच गाण्यात जाऊन बसतो. खुर्चीची जागा मी फरशीवर चिकटपट्टीनं आखली आहे. आलेल्या पाहुण्याला तिथं बसवतो, त्याच्या डोक्यावरून विमान नेतो, पाठीमागं पाऊस पाडतो. पाहुणा ‘वा’ म्हणतो आणि चहाची वाट बघतो.

पण हा खटाटोप विमानासाठी नव्हता. अंथुर्ण्याच्या देवळापुढच्या धनगरी ओव्यांची मामानं भरलेली ती एक कॅसेट माझ्याकडं उरली आहे. पुढचे दोघं ओळ टाकतात. मागचे दोघं, तुम्ही आणि तुमचे जोडीदार तात्या, कानावर हात ठेवून, डोक्याला डोकं लावून ती उचलता. मी एवढासा, मधे मांडी घालून बसलोय. समोरून ओळ येते, जरा थांबते, आणि मग माझ्या पाठीवर तुमचा आवाज पडतो, थंडीत कुणी घोंगडं टाकावं तसा. कॅसेटमध्ये मात्र सगळे समोरच गोळा झालेत, कारण मामानं टेप एका जागी ठेवला होता. मला तुम्ही मागं हवे होतात. आणि निदान एका ओळीपुरते एकटे हवे होतात. आताशा तुमचा आवाज आठवायला बसलो, की कारखान्याची पाळी करून आल्यावरचा खोकला तेवढा आठवतो.

एकदा मी तुमच्या शेजारी बसून वरचा सूर लावला होता, चार लोकांनी बघावं म्हणून. उठताना तुम्ही म्हणालात, “लई वर काढू नगंस. माजा कुठला आन् तात्याचा कुठला हे लोकांला कळाया लागलं, तर ती ओवी न्हाय, भांडाण हाय.” तेव्हा राग आला होता. आता कॉम्प्युटरवर दर रविवारी तेच भांडण लावून देतो. त्यानं ढोल वेगळा काढला, झांजा काढल्या, पुढची जोडी काढली. मागची जोडी मागच्या स्पीकरांत टाकली, पण ती काही फुटेना. त्याच्या मते तिथं एकच माणूस आहे.

गेल्या आठवड्यात तात्या डोळे दाखवायला इंदापूरच्या एसटीनं आले. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, आखलेल्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, “तात्या, नीट ऐका. यातला आबांचा कुठला, तेवढं सांगा.”

पहिल्या ओळीला म्हणाले, “ह्यो तुजा बाप.” मी पुढं सरसावलो. दुसऱ्या ओळीला, “न्हाय, ह्यो मी हाय.” तिसऱ्याला त्यांनी थेट स्वयंपाकघराकडं हाक मारली, “सूनबाई, घोळ माजा हाय का मशिनीचा?”

“तुमचा नाही तात्या, मशीनचाही नाही. यांचा आहे,” आतून निकाल आला.

तात्या पोट धरून हसले. मग म्हणाले, “आरं, आमालाच कळत नव्हतं तवा. कळू न्हाय म्हणून तर डोक्याला डोकं लावायचं.”

झालं. साक्षीदार संपला. मी बंद करायला उठलो, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मागल्या जोडीला तेवढं गप कर. पुढचे म्हणतील, मी उचलतो.”

मी मागचे स्पीकर बंद केले. तात्या खुर्ची सोडून मागं फरशीवर जाऊन बसले, कानावर हात ठेवला. समोरून ओळ आली. तात्यांचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. दुसरी ओळ आली, तीही तशीच गेली.

“का हो?”

“एकट्यानं उचलायची नसती.” त्यांनी शेजारची फरशी थोपटली. “तुजा बाप गेल्यापास्नं म्हणलीच न्हाय बघ कुणासंगं. ये, बस हितं.”

आबा, लेखणीनं मी भल्याभल्यांची सालं काढतो, पण गळ्याच्या बाबतीत माझी लायकी तुम्हाला ठाऊक आहे. तरी बसलो. तात्यांचं मुंडासं कानाला टोचलं, तंबाखूचा वास आला. समोरून ओळ आली आणि आम्ही ती उचलली. पहिल्यांदा मी कुठल्या कुठं गेलो. तात्यांनी डोकं आणखी जवळ रेटलं. पुढची जरा बरी गेली. तुमची सून चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. चहा निवला. इतकी वर्षं तात्यांच्या शेजारी रिकामी राहिलेली बाजू आपल्या घराकडून मी भरून दिली, जमेल तशी.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, आणि तुमच्या सुनेच्या हाती तर लागूच द्यायचं नाही. डॉक्टरांनी तात्यांना दोन महिन्यांनी बोलावलं आहे. मी त्यांना येता गुरुवार सांगितलाय.