पैठणीचं जॅकेट

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
९ फेब्रुवारी २००८

प्रिय दीपा,

तुझं पार्सल पोचलं. तुझ्या नवऱ्याच्या, नरेंद्रच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी अमेरिकेत आल्यावर अल्फारेटाहून पोस्ट केलं आणि खोकं धड आलं. परवा फोनवर मी नुसतं छान आहे, छान आहे म्हणत राहिले, कारण तू मध्ये श्वासच घेत नव्हतीस. म्हणून हे पत्र. कागदाला तरी तुला मधेच तोडता येणार नाही.

आधी तुझ्या त्या फोटोंबद्दल. नोव्हेंबरात तुझी ईमेल आली, ताई, माझा नवा वॉर्डरोब बघ! दार-ए-सलामला रेडिमेड कोण घेतंय, बाजारातून कापड आणायचं आणि शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, तुझा तो जुमा नुसत्या फोटोवरून हुबेहूब ड्रेस शिवतो, वगैरे वगैरे. मला खरंच हेवा वाटला गं. इथे मी सेलच्या रॅकवरून पँट उचलते, ती चार बोटं लांब निघते, आणि मी ती दुमडून घालते. माझं माप शेवटचं कुणी घेतलं ते लग्नाआधी.

पहिले फोटो किटेंगेचे होते, तिथल्या त्या भडक छापील सुती कापडाचे. तू मस्त दिसत होतीस, खोटं कशाला बोलू. मी तुझ्या भावोजींना, सत्यजितला, हाक मारून दाखवले. तो चहा पीत म्हणाला, दीपा एकदम फ्रेश दिसतेय. मग पुढचा फोटो उघडला. हिरवा फ्रॉक, गुडघ्यापर्यंत, खाली लाल काठ. तो काठ मी झोपेतसुद्धा ओळखीन. आईची इरकल! गॅदरिंगच्या दिवशी ती नेसून आई स्टेजच्या कडेला उभी राहायची आणि अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. त्यापुढे नारायणपेठीचा स्कर्ट. त्यापुढे माझ्या डोहाळजेवणाला आईने नेसलेल्या साडीचा कसलासा टॉप, बिनबाह्यांचा. सत्यजितला काहीच कळलं नाही. तो विचारत होता, पुढचे दाखवत का नाहीस.

आई गेली तेव्हा आमचा ग्रीनकार्डचा अर्ज नुकताच गेला होता. प्रवासाची परवानगी यायची होती, आणि त्याआधी मी देश सोडला असता तर माझा अर्ज रद्द. वकिलाने तसं बजावलं होतं. तू दुसऱ्या दिवशी साताऱ्यात हजर. मी इथे किचनच्या फरशीवर बसून, फोन कानाला लावून भटजींचे मंत्र ऐकले. दिवस झाल्यावर सुहासिनीमावशीने आईचं कपाट उघडलं आणि तू मला फोनवर विचारलंस की साड्या मी नेऊ ना, तुला तिकडे काय उपयोग, तू तर जन्माची जीन्सवाली. मी ने म्हटलं. ने म्हटलं, दीपा, काप नव्हतं म्हटलं! मला वाटलं, तुझ्याकडे राहतील, कधीतरी भेटू, दोघी कॉटवर मांडून बसू, ही तुला, ही मला. घरातलं दुसरं काही मला नको होतं, भांडी नको, दागिने नको. आईच्या अंगाला लागलेलं एक काहीतरी हवं होतं. तेवढंसुद्धा तोंड उघडून मागायला हवं होतं का?

तू म्हणशील, ट्रंकेत कुजण्यापेक्षा अंगावर बऱ्या. म्हणशील काय, म्हणालीसच. वर आणि, आई असती तर खूश झाली असती. आपली आई? तुझ्या लग्नात तुझ्या पदराला पिन लावताना जिने खाली कागदाची घडी धरली होती, जरीला भोक पडू नये म्हणून, ती? कमाल आहे बाई तुझी!

आता जॅकेट. आईची जांभळी पैठणी, पदराचे मोर बरोबर पाठीवर. शिलाईत खोट काढावी म्हणून मी ते उलटं करून पाहिलं, तर तीही सापडली नाही. मग बाथरूमचं दार लावून घालून बघितलं, आणि ते असं बसलं की मी आरशासमोर दोनदा वळून बघितलं. खांदा, बाही, काख, कुठे म्हणून ओढ नाही. मी तर तुला माप कळवलंच नव्हतं, तू मागत राहिलीस आणि मी टाळत राहिले. तुझी चिठ्ठी खिशात होती. ताई माप देईना, म्हणून जुमाला आईचा ब्लाउज दिला मापाला, फोटोत तू आता अगदी आईच्याच अंगाची दिसतेस. हो, सुटलेय मी. तेही तूच सांगायचं बाकी होतं.

जॅकेट याच खोक्यातून परत पाठवते आहे. इथल्या मराठी मंडळात ते मिरवणं मला जमणार नाही आणि कपाटात टांगलेलं रोज बघणंही नाही. तुला आवडलंय, तर तूच घाल. पण पत्र लिहायला बसले ते जॅकेटसाठी नाही. शिंपी मापाचा कपडा परत देतात, तसा तुझ्या जुमानेही दिला, आणि तू न बघता पिशवी जशीच्या तशी खोक्यात भरलीस. आईचा रोजचा पांढरा ब्लाउज आहे, काखेत विरलेला, एक हूक काळ्या दोऱ्याने लावलेलं. परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, अगं, तो मापाचा ब्लाउज त्यातच आला असेल, जुनाट आहे, टाकून दे. मी बरं म्हटलं. टाकलेला नाही. धुतलेलाही नाही. आता हे वाचल्यावर तुला तो हवासा वाटेल, कारण आईचं न कापलेलं तेवढंच उरलंय. मागू नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई